मोनो की स्टिरिओ? साठच्या दशकातले अल्बम घरी बसून नीट ताडून कसे बघायचे

बीटल्सचं हेल्टर स्केल्टर संपत आलं, आवाज हळूहळू खाली गेला, आणि मी मित्राच्या सोफ्यावर बसून वाट बघतोय की आता ते परत वर येणार, अजून थोडा गोंगाट होणार आणि शेवटी ड्रमवाला रिंगो बोटांना फोड आले म्हणून बोंबलणार. कसलं काय, थेट पुढचं शांत गाणं सुरू. मला वाटलं फाइल अर्धवट आहे. मित्र म्हणाला, अरे येड्या, हे मोनो आहे.

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये, स्टिरिओत डावा-उजवा असे दोन. बीटल्सच्या व्हाइट अल्बमच्या मोनोत ते गाणं ३ मिनिटं ३६ सेकंदांत आटपतं, स्टिरिओत साडेचारच्या आसपास जातं. म्हणजे जवळजवळ एक मिनिट गाणंच नाही, आणि रिंगो तर नाहीच नाही. तोवर माझा समज असा होता की मोनो म्हणजे स्टिरिओ दाबून एकत्र केलेलं, गरिबाघरचं व्हर्जन. तो समज त्या दिवशी गेला आणि मग मी सगळे अल्बम जोडीजोडीने ऐकायच्या मागे लागलो. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा, की तेव्हा ऑटोमेशन नव्हतं. बहुतेक वेळा चार ट्रॅकची, म्हणजे चार वेगळ्या पट्ट्यांवर आवाज भरलेली टेप मशीनवर चढवायची, गाणं सुरू करायचं आणि आवाज कमीजास्त करणारे फेडर हाताने वरखाली करत, इको चढवत-उतरवत सगळं एकत्र जुळवलेलं मिक्स दुसऱ्या टेपवर घ्यायचं. आधी मोनो व्हायचं कारण ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत तेच वाजायचं, रेडिओही मोनोच. मग कधी त्याच आठवड्यात तर कधी बऱ्याच दिवसांनी स्टिरिओसाठी तीच टेप पुन्हा लावून सगळं नव्याने. त्याच डाळीची आमटी दोन दिवशी वेगळी लागते, तसं. सार्जंट पेपर या अल्बमच्या वेळी मोनो मिक्सला बीटल्स स्वतः हजर असायचे, स्टिरिओ मात्र त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी नंतर त्यांच्याशिवायच थोडक्या दिवसांत उरकलं. म्हणून प्रश्न 'कुठलं भारी' हा नाहीच, आधी 'काय काय वेगळं आहे' हे कानाने पकडायचं, आवडनिवड मग.

हातात नक्की काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मोनो लिहिलंय म्हणजे मोनो मिक्स असेलच असं नाही आणि स्टिरिओ लिहिलंय म्हणजे तर अजिबातच नाही.

खरं मोनो मिक्स म्हणजे मूळ टेपवरून मोनोसाठी वेगळं केलेलं. दुसरा प्रकार फोल्ड-डाउन, म्हणजे स्टिरिओ मिक्सचे दोन चॅनल एकत्र ओतले आणि मोनो म्हणून छापलं. ब्रिटनमधला यलो सबमरीनचा मोनो एलपी असाच आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, मोनोवरून बनवलेला खोटा स्टिरिओ. एका बाजूला बास वाढवायचा, दुसऱ्या बाजूला ट्रेबल, मध्ये किंचित डिले, वर हवा असेल तर इको. अमेरिकेत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने याला ड्युओफोनिक असं झकास नाव दिलं होतं. आपल्याकडे जुन्या गाण्यांवर झंकार बीट्स चढवायचे ना, त्याच जातीचं पाप, जरा सौम्य एवढंच.

एलपी घेत असाल तर कॅटलॉग नंबरवरून कळतं. पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीचे ब्रिटिश बीटल्स एलपी पीएमसी म्हणजे मोनो, पीसीएस म्हणजे स्टिरिओ, त्यामुळे सार्जंट पेपर पीएमसी ७०२७ आणि पीसीएस ७०२७ अशा दोन नंबरांत सापडतो. कॅपिटलचं नुसतं टी म्हणजे मोनो, एसटी म्हणजे स्टिरिओ आणि डीटी दिसलं की हात मागे घ्या, ते ड्युओफोनिक. बीच बॉइजचा पेट साउंड्स १९६६ मध्ये टी २४५८ आणि डीटी २४५८ असा आला, खरा स्टिरिओ तेव्हा नव्हताच. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम एसएक्स ६१५७ मोनो, एससीएक्स ६१५७ स्टिरिओ.

सीडी किंवा डिजिटलवाल्यांसाठी वेगळी भानगड. बीटल्सचे पहिले चार अल्बम १९८७ मध्ये सीडीवर आले ते फक्त मोनोत. हेल्प आणि रबर सोल तेव्हा जॉर्ज मार्टिननी नव्याने स्टिरिओ मिक्स केले आणि आजही जो स्टिरिओ सगळीकडे वाजतो तो तोच. १९६५ चा मूळ स्टिरिओ ऐकायचा असेल तर तो २००९ च्या मोनो बॉक्सच्या, म्हणजे मोनो अल्बमच्या संचाच्या सीडीवर आहे, हो, मोनो बॉक्समध्ये स्टिरिओ, मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. आणि सार्जंट पेपर शोधताना २०१७ असं लिहिलेलं दिसलं तर तो जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिन याचा नवा रिमिक्स, जो त्याने मुद्दाम मोनोकडे बघत केलाय, सुंदर आहे पण १९६७ चा स्टिरिओ म्हणून तो लावून तुलना केलीत तर सगळं गणित चुकेल.

अगदी फुकटात सुरुवात करायची असेल तर पेट साउंड्स घ्या. स्ट्रीमिंगवर एकाच अल्बमच्या नावाखाली आधी सगळी गाणी मोनोत आणि खाली तीच स्टिरिओत अशी मिळतात, फार शोधाशोध नाही.

फाइल खोटं बोलतेय का ते तपासा

इथे कानांपेक्षा कॉम्प्युटर बरा. ऑडॅसिटी हे आवाजाच्या फाइलींवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाका. गाणं उघडा, ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा म्हणजे डावा-उजवा वेगळे होतील. आता त्यातला एकच सिलेक्ट करून इफेक्टमधून 'इन्व्हर्ट' मारा आणि दोन्ही एकदम वाजवा. फाइल मोनो असेल तर दोन्ही चॅनल तंतोतंत सारखे असतात, त्यामुळे एक दुसऱ्याला खाऊन टाकतो आणि चिडीचूप शांतता. एमपीथ्री असेल तर मागे थोडी खसखस राहते, एलपीवरून रेकॉर्ड केलेलं असेल तर टिकटिक आणि खरखर राहते, ते चालतं. पण गाण्याचे वाद्य-आवाज स्पष्ट ऐकू आले तर ते मोनो नाही, कव्हरवर काही का लिहिलेलं असेना.

ही ट्रिक आय अ‍ॅम द वॉलरसच्या स्टिरिओवर करून बघाच. पहिली दोन मिनिटं उरलेलं बरंच काही वाजत राहतं आणि मग अचानक आवाजाचं रूपच पालटतं. कारण असं की २९ सप्टेंबर १९६७ ला मोनो मिक्स करताना त्यांनी बीबीसी रेडिओ थेट मिक्समध्ये सोडला होता, त्यावर योगायोगाने किंग लिअर नाटक चालू होतं. रेडिओ टेपवर वेगळा नव्हताच, तो फक्त त्या मोनो मिक्समध्ये. मग स्टिरिओ करताना काय करणार? पुढचा भाग मोनोचाच जोडला आणि त्याला खोटा स्टिरिओ केला. हेडफोन लावून नुसतं ऐकलंत तरी तो सांधा सापडतो, आणि एकदा सापडला की कायम ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

आवाजाची पातळी, म्हणजे माझी सगळ्यात मोठी चूक

सहा महिने मी सगळ्यांना सांगत होतो की रिव्हॉल्व्हरचं मोनो काय दणदणीत आहे, ड्रम छातीत बसतात, स्टिरिओ त्यापुढे पाणी. मग एके दिवशी लक्षात आलं की मित्राने एलपीवरून मोनो रेकॉर्ड करून देताना लेव्हल वाढवून ठेवली होती. दोन्ही सारख्या पातळीवर आणले तर फरक होता, पण छातीत बसण्याइतका वगैरे नाही. जे थोडं मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, आणि गंमत म्हणजे एखाद-दुसरा डीबी (डेसिबल) जास्त असेल तर 'मोठं' म्हणून कळत नाही, नुसतं 'भारी' म्हणून कळतं.

म्हणून दोन्ही फाइल्स ऑडॅसिटीत टाकून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' चालवा, दोन्हीला एकच आकडा द्या, जो आधीपासून भरलेला असतो तोही चालेल. तुमची मोनो फाइल एकाच चॅनलची असेल तर तिथे 'ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो' वर टिक आहे ना ते बघा, कारण ती वाजणार दोन्ही स्पीकरमधून, आणि टिक नसेल तर मोजणीत ३ डीबीचा घोटाळा होतो. हे न करता जो कोणी मोनो-स्टिरिओवर छातीठोक बोलतो त्याचं मी आता हसून ऐकून घेतो.

वेग जुळतोय का

दोन ट्रॅक एकाखाली एक ठेवा, पहिला ठोका जुळवा आणि सोलो बटणाने इकडून तिकडे उड्या मारा. बहुतेक गाणी बऱ्यापैकी बरोबर चालतील, पण काही हळूहळू सुटत जातील. जुन्या मशिनी आणि ट्रान्सफर असल्याने थोडं इकडेतिकडे व्हायचंच, पण काही ठिकाणी वेग मुद्दाम बदललेला आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण शीज लिव्हिंग होम. मोनो ३ मिनिटं २६ सेकंद, स्टिरिओ ३ मिनिटं ३५ सेकंद, आणि मोनो अख्खा अर्धा स्वर वर. पेटी असेल घरात तर धरून बघा, लगेच कळतं. मी बायकोला काही न सांगता दोन्ही लावून दाखवली, तिला बीटल्सचं फारसं काही नाही, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, एकीत पोरगी घाईत निघालीय आणि दुसरीत रेंगाळतेय. याहून चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. स्टिरिओत ते गाणं रडकं होतं, मोनोत त्याला एक लगबग आहे. व्हाइट अल्बममधलं डोन्ट पास मी बायही मोनोत पळतं, आणि शेवटचं फिडलही वेगळं आहे.

वेग वेगळा असलेलं गाणं ताडायचं तर स्पीड बदलून दोन्ही जुळवायचा मोह होतो. एकदा करून बघा, आवाजाचा पोत कळायला बरं पडतं, पण निष्कर्ष मूळ वेगावरच काढा.

ऐकायचं कसं

हेडफोनवर आणि स्पीकरवर निकाल उलटा लागू शकतो, तेव्हा दोन्ही करा. प्लीज प्लीज मी आणि विथ द बीटल्स हे १९६३ चे अल्बम दोनच ट्रॅकवर रेकॉर्ड झाले, मुख्यतः वाद्यं एकावर आणि गाणाऱ्यांचे आवाज दुसऱ्यावर. ही विभागणी स्टिरिओसाठी नव्हतीच, मोनो करताना गायकाचा आवाज कमीजास्त करता यावा म्हणून ती सोय होती. स्टिरिओ एलपीत तेच दोन ट्रॅक डावी-उजवीकडे ठेवून दिले. हेडफोनवर हे म्हणजे एका कानात बँड आणि दुसऱ्या कानात जॉन-पॉल, दहा मिनिटांत डोकं उठतं. स्पीकरवर खोलीत आवाज मिसळतो म्हणून तेच सुसह्य वाटतं.

पण अभ्यासाला हा तुटक स्टिरिओ सोन्यासारखा आहे. एक इअरफोन काढा आणि नुसता बँड ऐका, मग नुसते आवाज. मोनोत जे एकजीव झालंय ते आतून कसं आहे ते इथे उघडं पडतं.

मोनोसाठी मात्र एकच स्पीकर. दोन स्पीकरवर मोनो लावलं तर आवाज मधोमध हवेत तरंगतो आणि डोकं जरा हललं की त्याचा रंग बदलतो. एक स्पीकर बंद करून उरलेला समोर ठेवा, मग ड्रम, बास आणि गळा एकामागे एक खोलीत उभे राहिल्यासारखे वाटतात. माझ्याकडे जुना बुकशेल्फ स्पीकर आहे, त्याची जोडी कधीच गेली, तो या कामाला लागलाय.

अजून एक गैरसमज इथेच मोडतो. फोनच्या सेटिंगमधलं मोनो ऑडिओ चालू करून स्टिरिओ ऐकलं तर मोनो मिक्स मिळत नाही. तिथे दोन चॅनलची बेरीज होते, मग जे मधोमध होतं ते दोन्हीकडून येऊन जुळतं आणि पुढे सरकतं, आणि जे एका टोकाला होतं ते त्यामानाने मागे पडतं. प्रयोग म्हणून करा जरूर, स्टिरिओची बेरीज आणि खरं मोनो शेजारी लावा. मोनो करणाऱ्याने हाताने काय काय सावरलं होतं ते या एका तुलनेत जेवढं कळतं तेवढं दहा लेख वाचून कळणार नाही, यातला हाही धरून.

आणि शक्य असेल तर घरच्या कुणाला तरी बटण दाबायला बसवा, तुमच्याकडे पाठ करून. कुठलं चालू आहे ते माहीत नसताना मत द्या. इथे अहंकार बराच उतरतो.

कान कशावर ठेवायचा

एकदम अख्खा अल्बम नको. एक गाणं, तीन फेऱ्या, आणि वहीत मिनिट-सेकंद लिहायचं. पहिल्या फेरीत फक्त शेवट ऐका, कारण फेड, म्हणजे शेवटी आवाज हळूहळू उतरवणं, हाताने केलेला असतो आणि तिथे फरक हमखास सापडतो. गॉट टू गेट यू इनटू माय लाइफचा मोनो फेड लांब आहे, त्यात पॉलचं जास्तीचं गाणं ऐकू येतं. सार्जंट पेपरच्या रिप्राइजमध्ये, म्हणजे पुन्हा येणाऱ्या शीर्षकगीतात, शेवटाकडे पॉल मागून ओरडतोय ते मोनोत स्पष्ट आणि स्टिरिओत जवळजवळ गायब.

दुसऱ्या फेरीत गळा. प्लीज प्लीज मी गाण्याच्या स्टिरिओत शेवटच्या कडव्यात जॉन शब्द चुकतो आणि पुढच्या ओळीत त्याला हसू आवरत नाही, मोनोत वेगळा टेक, म्हणजे वेगळ्या वेळचं रेकॉर्डिंग आहे, चूक नाही. इफ आय फेलच्या स्टिरिओत पॉलचा आवाज वरच्या सुरावर चक्क फाटतो, मोनोत नाही, आणि सुरुवातीला जॉन मोनोत एकेरी तर स्टिरिओत दुहेरी आवाजात आहे. हेल्पच्या मोनोत तर मुख्य गायनच वेगळं आहे. चुका असलेलं व्हर्जन मला जास्त आवडतं, पण ते माझं झालं.

तिसऱ्या फेरीत इफेक्ट. ल्युसी इन द स्कायच्या मोनोत जॉनच्या आवाजाला जो गरगरता लहरता परिणाम आहे तो स्टिरिओत बराच साधा वाटतो. तो एडीटी नावाच्या जुगाडातून येतो. केन टाउनसेंड नावाच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या इंजिनिअरने १९६६ मध्ये दुसरी टेप मशीन किंचित मागेपुढे चालवून आवाज दुहेरी करायची युक्ती काढली, त्यात मशीनचा वेग हाताने हलवायचा असतो, मग दोन वेळा तेच कसं येणार. आय्म ओन्ली स्लीपिंगमधली उलटी गिटार दोन्ही मिक्समध्ये वेगवेगळ्या जागी डोकावते, ती जागेसकट लिहून काढा, सरावाला मस्त गाणं आहे.

बीटल्सच्या बाहेर पडलात तर झॉम्बीज या बँडचा १९६८ चा ओडेसी अँड ओरॅकल घ्या. धिस विल बी अवर इयरमधले हॉर्न्स थेट मोनो मिक्सवर चढवले होते, त्यामुळे खऱ्या स्टिरिओत ते नाहीतच, आणि मूळ स्टिरिओ एलपीवर त्या एका गाण्याला खोटा स्टिरिओ करावा लागला. हॉर्न्स नसलेलं ऐकलं की आधी दात पडल्यासारखं वाटतं, मग पियानो नीट ऐकू यायला लागतो.

पेट साउंड्सची गोष्ट उलटी. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्याने अल्बम मोनोतच कल्पिला आणि मोनोतच संपवला. खरा स्टिरिओ १९९७ मध्ये इंजिनिअर मार्क लिनेटने वाद्यांच्या आणि गायनाच्या वेगवेगळ्या टेप डिजिटली जुळवून तयार केला. त्यात काही गोष्टी टेपवर सापडल्याच नाहीत, म्हणून वुडन्ट इट बी नाइसच्या मधल्या भागात मोनोत बँडमधलाच माइक लव्ह गातो आणि त्या पहिल्या स्टिरिओत ब्रायन. इथे स्टिरिओ म्हणजे घराचा नकाशा, कुठे काय ठेवलंय ते दाखवणारा. राहायला मी मोनोतच जातो.

एलपीवाल्यांसाठी थोडं

मोनो रेकॉर्डचा खाचा फक्त आडवा हलतो, स्टिरिओ सुई आडवं आणि उभं दोन्ही वाचते, त्यामुळे जुन्या मोनो एलपीवर स्टिरिओ सुई लावली की उभ्या हालचालीतली सगळी घाण फुकटात ऐकू येते. अ‍ॅम्पला मोनो बटण असेल तर दाबा, निम्मी खरखर जागच्या जागी जाते. मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) त्याहून चांगलं, पण आधी बटण वापरून बघा, खिशाला बरं. रेकॉर्ड जिथून घ्याल तिथे शेवटच्या खाचांजवळ कोरलेला नंबरही बघा. रिव्हॉल्व्हरच्या मोनोची दुसरी बाजू एक्सईएक्स ६०६-१ असेल तर टुमॉरो नेव्हर नोजचं वेगळंच मिक्स आहे, ते लगेच बदललं गेलं. असा एलपी चोर बाजारात सापडला तर चेहऱ्यावर काही दाखवू नका.

शेवटी एक आपल्याकडचं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, त्यातूनच द इनर लाइट या गाण्याचं संगीत आलं, गायन नंतर लंडनला झालं. मार्च १९६८ मध्ये लेडी मॅडोनाच्या सिंगलच्या मागच्या बाजूला ते मोनोत आलं, स्टिरिओ मिक्स व्हायला जानेवारी १९७० उजाडलं. आधी मोनो एका स्पीकरवर लावा, मग स्टिरिओ हेडफोनवर, आणि पहिल्या वीस सेकंदांतच वहीत लिहायला घ्या.